तळ्याची पातळी दुपारी आपोआप वाढतेय, ईएसपी३२ + अल्ट्रासॉनिक + पीएच, मदत हवी

काठावरचा:
नमस्कार मंडळी. आम्ही चार-पाच जण मिळून एका छोट्या तळ्यावर पाणी मोजायचं स्टेशन बसवतोय, सगळं ओपन ठेवायचंय म्हणजे सर्किट, कोड, डेटा सगळं, कोणालाही तसंच्या तसं बनवता आलं पाहिजे. बोर्ड ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर), पातळीसाठी जेएसएन-एसआर०४टी अल्ट्रासॉनिक (आवाज सोडून त्याच्या इकोवरून, म्हणजे प्रतिध्वनीवरून, अंतर मोजणारा सेन्सर), पाण्यापासून साधारण अडीच मीटर वर एका आडव्या पाइपला लावलाय, शिवाय पीएच (आम्लता) प्रोब, टीडीएस (विरघळलेले क्षार) प्रोब आणि टर्बिडिटी (गढूळपणा). डेटा लोरावरून (कमी विजेवर लांब पोचणारा रेडिओ) पाठवतोय.
आता अडचण अशी की पाऊस नाही, वरून कोणी पाणी सोडत नाही, तरी रोज दुपारी पातळी सहा-सात सेंटीमीटर चढते आणि पहाटेपर्यंत परत खाली येते, अगदी नियमाने. सेन्सर बदलून पाहिला, तेच. आणि दुसरं म्हणजे पीएच मध्येच उड्या मारतो, टीडीएसची वायर काढली की गप्प बसतो. काय असेल?

मोजपट्टी:
पातळीचं आधी. तुमच्या कोडमध्ये इकोच्या मायक्रोसेकंदांना ५८ ने भागून सेंटीमीटर काढलेत का बघा, बहुतेक सगळ्या तयार उदाहरणांत तसंच असतं. ५८ ने भागणं म्हणजे आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटरच्या आसपास धरणं, आणि तो वेग हवा २२ अंशांना असेल तेव्हाचा आहे. हवा तापली की आवाज जोरात पळतो, इको लवकर परत येतो, कोडला वाटतं पाणी जवळ आलं. हिशोब करून बघा: वेग = ३३१.३ + ०.६०६ × तापमान. पहाटे २० अंशांना ३४३.४ आणि दुपारी ३७ ला ३५३.७, म्हणजे तीन टक्के फरक, अडीच मीटरवर तो सात-साडेसात सेंटीमीटर होतो. तुमचं तळं जागेवरच आहे, हवा बदलतेय.
एक डीएस१८बी२० तापमान सेन्सर लावा, डेटा लाइनला ४.७ किलोओहमचा पुल-अप रेझिस्टर द्या आणि प्रत्येक रीडिंगच्या वेळी त्या तापमानावरून वेग काढा. पण तो सेन्सर सावलीत हवा, वारा लागेल असा, तापलेल्या पाइपला चिकटवलात तर पाइपचं तापमान मिळेल आणि नवीन चूक डेटात जाईल. रीडिंग पण एकच घेऊ नका, दहा-पंधरा घ्या आणि मधलं ठेवा, सरासरी नको, कारण गवताच्या पात्यावरून किंवा लाटेवरून एक खोटा इको आला तरी सरासरी बिघडते. आणि या सेन्सरला पहिल्या वीस-पंचवीस सेंटीमीटरमधलं काही दिसत नाही, पुराचं पाणी तिथपर्यंत चढू शकत असेल तर पाइप अजून वर न्या.

खोलपाणी:
मी अल्ट्रासॉनिकच्या वाटेला जाणार नाही, पाण्यात सोडायचा प्रेशर सेन्सर घ्या, ४-२० मिलीअँपवाला. त्याला लाट, गवत, हवेचं तापमान कशाचंच देणंघेणं नाही. फक्त केबलमध्ये हवेची नळी असलेलाच घ्या. नळी नसेल तर हवेचा दाब १ हेक्टोपास्कल बदलला की पातळी १ सेंटीमीटर बदललेली दिसते, मग काठावर बॅरोमीटर ठेवून तेवढं वजा करत बसावं लागतं. नळीच्या तोंडाशी सिलिका जेल ठेवा, आत ओल गेली की सेन्सर संपला.

मोजपट्टी:
बरोबर आहे, पण तो गाळात रुतला की बाहेर काढून साफ करावा लागतो, आणि काठावरच्या माणसाला पाण्याला हात न लावता दुरुस्त करता येईल असं काहीतरी असणं याची पण किंमत आहे. माझं मत, दोन्ही असेल तर उत्तम, एकच असेल तर अल्ट्रासॉनिक तापमानासकट. आणि काहीही लावा, पाण्यात एक रंगवलेली पट्टी रोवा, जो कोणी जाईल त्याने डोळ्याने वाचून वेळेसकट लिहून ठेवायचं.

ईसीवाली:
पीएचबद्दल सांगते. काचेच्या प्रोबचा रेझिस्टन्स प्रचंड असतो आणि सिग्नल बारीक, २५ अंशांना एका पीएचमागे साधारण ५९ मिलीव्होल्ट. त्याच पाण्यात टीडीएस प्रोब करंट सोडतो आणि दोघांचा ग्राउंड एकच, म्हणजे पाण्यातूनच दोघं जोडले गेलेत. वायर काढली की पीएच गप्प बसतो म्हणताय, तेच निदान आहे. नीट उपाय म्हणजे पीएचच्या सर्किटला वेगळं आयसोलेटेड सप्लाय आणि सिग्नल आयसोलेशन. साधा उपाय, दोघांना आळीपाळीने चालू करा, पण टीडीएसची पॉझिटिव्ह आणि ग्राउंड दोन्ही तुटली पाहिजेत, नुसती पॉझिटिव्ह तोडून ग्राउंडमधून रस्ता राहतोच. शिवाय ईएसपी३२ चा स्वतःचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) टोकांना सरळ रेषेत चालत नाही, पीएचसाठी एडीएस१११५ हा वेगळा एडीसी लावा, फार मोठा खर्च नाही.
टीडीएस प्रोब खरं तर कंडक्टिव्हिटी मोजतो आणि कुठल्यातरी गुणकाने, ०.५ ते ०.७ मधल्या, तिचं टीडीएस करून दाखवतो. तुम्ही कंडक्टिव्हिटीच साठवा, २५ अंशांवर आणलेली, कारण पाणी एक अंश तापलं की ती दोनेक टक्के वाढते. नाहीतर तुमच्या तळ्यात रोज दुपारी मीठ पण वाढताना दिसेल.
टर्बिडिटीच्या काचेवर बुळबुळीत थर धरतो, शेवाळ आणि गाळ मिळून, आणि ग्राफवर ते अगदी ओळखू येतं: दिवसेंदिवस रेघ हळूहळू वर, पाऊस नाही काही नाही, मग कोणीतरी पुसतं आणि रेघ धाडकन खाली. म्हणून पुसायच्या आधी एक रीडिंग आणि पुसल्यावर लगेच एक, दोन्ही लिहा. त्या फरकावरून मागचा डेटा किती घसरला ते कळतं. ही नोंद नसेल तर मागचा सगळा ग्राफ संशयात जातो.

काठावरचा:
५८ च आहे!! आज बदलतो. टीडीएसचा ग्राउंड पण तोडतो. पुसण्याची नोंद आम्ही ठेवलीच नाहीये, ती आता सुरू करू. अजून एक, बॅटरी फार लवकर उतरते, डीप स्लीप (दोन रीडिंगच्या मधे चिप झोपवणं) लावलंय तरी.

सोल्डर:
डेव्हलपमेंट बोर्ड आहे ना? नुसती चिप डीप स्लीपमध्ये दहा मायक्रोअँपच्या आसपास घेते, पण बोर्डावरचा लाल दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर झोपत नाहीत, ते मिलीअँपमध्ये खातात. दिवा काढा, सेन्सरचा सप्लाय मॉस्फेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) बंद करा आणि मग मल्टिमीटर लावून बघा. लोरावर जेएसओएन (नावांसकट लांब मजकूर) पाठवत असाल तर ते पण थांबवा, सगळी रीडिंग दहा-बारा बाइटमध्ये बसतात. द थिंग्ज नेटवर्कवर (लोराचं सामायिक नेटवर्क) असाल तर एका नोडला दिवसाला ३० सेकंदच एअरटाइम (रेडिओवर पाठवायचा वेळ) आहे, लांबलचक मेसेज स्प्रेडिंग फॅक्टर १२ वर (सगळ्यात लांब पोचणारा पण सगळ्यात हळू वेग) पाठवलेत तर तो लगेच संपतो. आणि एसडी कार्डवर सगळं लिहीत जा, नेटवर्क गेलं तरी नोंद राहिली पाहिजे.
ओपनबद्दल: स्ट्राउड वॉटर रिसर्च सेंटरचा मेफ्लाय बोर्ड बघा, ओढ्या-नद्यांसाठीच केलेला ओपन डेटा लॉगर आहे, तसाच घेतला नाही तरी त्यांचं काम वाचून खूप कळतं. हार्डवेअरला सर्न ओपन हार्डवेअर लायसन्स लावा, २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत तीन प्रकार आहेत, बदल करणाऱ्याने बदलही उघडे ठेवावेत असं वाटत असेल तर त्यातला स्ट्राँगली रेसिप्रोकल घ्या. पण नुसतं सर्किट टाकून भागत नाही, कॅलिब्रेशन कधी केलं, कुठल्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने), प्रोब कधी बदलला, हे डेटाच्या शेजारीच पाहिजे. आणि कच्चं रीडिंग, व्होल्ट असो की मायक्रोसेकंद, कधीच पुसू नका.

ईसीवाली:
हो हे फार महत्त्वाचं. तुमच्याकडे इकोचे मायक्रोसेकंद साठवलेले असतील आणि जवळपासचं हवेचं तापमान कुठून मिळत असेल तर मागचा सगळा डेटा पण दुरुस्त होईल, काही फेकायची गरज नाही.

काठावरचा:
मायक्रोसेकंद आहेत कार्डवर! तापमान पीएचवाल्या डब्यातल्या सेन्सरचं आहे फक्त, डबा उन्हात असतो.

मोजपट्टी:
मग दुपारचं जास्त दाखवत असेल, दुपारचं सोडून द्या. पहाटेचं, सूर्य उगवायच्या आधीचं, वापरता येईल, तेव्हा डबा आणि हवा जवळपास सारखी असतात. रोजची पहाटेची एक पातळी मिळाली तरी तळं किती आटतंय ते कळतंच. सीएसव्ही फाइल टाका इथे, मायक्रोसेकंद आणि तापमान दोन्ही कॉलम असलेली.