किचन नवीन करतोय: सिंक, ओटा आणि सॉकेट, आधी काय ठरवायचं?

पाऊसवेडी

नमस्कार मंडळी. आमचं किचन 20 वर्षं जुनं आहे, सिंकपाशी ओट्याला तडा गेलाय आणि खालच्या कपाटाचं प्लायवूड पाणी पिऊन फुगलंय, म्हणून आता सगळं काढून नव्याने करायचं ठरलंय. गेले पंधरा दिवस एवढं बघितलं की आता उलट काहीच ठरेना झालंय. फरशीवाले म्हणतात आधी दगड पसंत करा, इलेक्ट्रिशियन म्हणतो आधी पॉइंट सांगा म्हणजे झिरी मारून (वायरसाठी भिंतीत खाच पाडून) मोकळा होतो, आणि सिंक काय शेवटी कुठलंही बसतं असं दोघंही म्हणतात. हे खरंय का?

मला अंडरमाउंट सिंक (दगडाच्या खालून बसवतात ते) हवंय, चांगलं 10 इंच खोल, म्हणजे मोठी भांडी आत मावतील आणि पाणी बाहेर उडणार नाही. ओट्यासाठी ग्रॅनाइट की क्वार्ट्झ यात अडकलेय, मार्बल दिसायला फार आवडतो पण सगळे नको म्हणतात. सॉकेट किती लागतात याचा तर काहीच अंदाज नाही, सध्या दोनच आहेत आणि एक्स्टेन्शन कायम ओट्यावर लोळत असतं. अजून एक, मी 5 फूट 1 इंच आणि नवरा 6 फूट, आणि किचनमधलं काम दोघंही करतो. ज्यांनी हे केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

निळीछत्री

ताई, सिंक शेवटी कुठलंही बसतं हे अजिबात ऐकू नका, आमचं सगळं तिथेच फसलं. आम्ही पण 10 इंची अंडरमाउंट घेतलं. आता हिशोब बघा, ओटा जमिनीपासून 36 इंच, दगड साधारण 1 इंच, त्याखाली 10 इंच सिंक, म्हणजे सिंकचा तळ 25 इंचावर आला. त्याच्या खाली जाळी आणि बॉटल ट्रॅप (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा बाटलीसारखा भाग), त्याला अजून सहा-सात इंच लागतात. आमच्या भिंतीतला ड्रेनचा पाइप जुन्या उथळ सिंकसाठी काढलेला होता, तो होता 21 इंचावर, म्हणजे पाण्याने चढ चढून बाहेर जायचं! सिंकमधलं पाणी कायम तुंबत, हळूहळू जायचं. प्लंबरने सगळं करून बघितलं आणि शेवटी नवीन लावलेली टाइल फोडून पाइप खाली घ्यावा लागला. दोन महिन्यांपूर्वी लावलेली टाइल फोडताना बघवत नव्हतं.

म्हणून सिंक आधी घ्या, नुसतं पसंत करून थांबू नका, घरात आणून ठेवा. अंडरमाउंटचा कटआउट (दगडातली सिंकची मोकळी जागा) त्याच सिंकवरून मापून कापतात, कॅटलॉगमधल्या मापावर दगड कापायला देऊ नका. आणि नळ कुठे येणार तेही तेव्हाच ठरवा, कारण नळाचं होल दगडातच पडतं.

जमलं तर ड्रेनचं होल मागच्या कोपऱ्यात असलेलं सिंक बघा, ट्रॅप मागे सरकतो आणि खालच्या कपाटात डबा ठेवायला जागा उरते.

सुतारपक्षी

वरच्यांशी सहमत. मी इंटिरिअरच्या कामात आहे, दोन-तीन गोष्टी जोडतो.

स्टीलचं सिंक घेताना ग्रेड 304 मागा, त्यात साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं, गंज धरत नाही. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात, चिकटला नाही म्हणजे 304, पण त्यावर जाऊ नका, कारण 200 सिरीजचं हलकं स्टील पण चुंबकाला फारसं चिकटत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्या. गेजचा आकडा जितका लहान तितका पत्रा जाड, 16 गेज साधारण दीड मिलिमीटर, 18 गेज सव्वाच्या आसपास. दोन्ही चालतात, पण खालच्या बाजूला रबरी पॅड आहेत का बघा, नाहीतर नळाचं पाणी पडलं की पत्र्यासारखा आवाज घुमतो. कोपरे एकदम काटकोनी असलेलं सिंक फोटोत छान दिसतं, पण रोज घासताना त्या कोपऱ्यात बोट जात नाही. थोडी गोलाई असू द्या.

उंचीबद्दल. हात कोपरात काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्या आणि त्यातून 4 ते 6 इंच वजा करा, ती तुमची ओट्याची उंची. तुमची 33-34 इंच येईल, यजमानांची 40 च्या आसपास. मधलं माप काढलं तर दोघांनाही त्रास. सिंकमध्ये आपले हात ओट्याच्या पातळीवर नसतात, तळाशी असतात, म्हणून भांडी घासताना कंबर धरते. तुमच्याकडे भांडी जास्त कोण घासतं ते बघा, यजमान घासत असतील तर सिंकचा भाग वेगळा घेऊन तीन-चार इंच उंच करा आणि चिरायचा, शेगडीचा भाग तुमच्या मापाने ठेवा. तुम्ही घासत असाल तर 10 इंच खोली विसरा, 8 इंच पुरे. मोठी भांडी मावायला खोलीपेक्षा लांबी-रुंदी उपयोगी पडते.

दगड. मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आंबट काहीही किंवा व्हिनेगर सांडलं की तेवढी जागा खरवडल्यासारखी पांढुरकी होते, ती पुसून जात नाही, सीलर (दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव) लावला तरी होतं. फारच आवडत असेल तर बाजूच्या एखाद्या कोरड्या काउंटरला लावा. ग्रॅनाइट उष्णतेला पक्का पण काही जाती पाणी शोषतात. घेण्याआधी तुकडा मागा, त्यावर पाण्याचे चार थेंब टाका आणि 15 मिनिटांनी पुसा, खाली काळपट डाग उमटला तर सीलर लागणारच. क्वार्ट्झमध्ये 90 टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा आणि बाकी रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ) असतं, त्यामुळे ते पाणी शोषत नाही, सील करावं लागत नाही, पण रेझिन उष्णतेला कच्चं, आचेवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं तर पिवळा डाग पडतो किंवा तडा जातो. म्हणजे निवड तुमच्या सवयीवर आहे, गरम भांडं पटकन ओट्यावर टेकवायची सवय असेल तर ग्रॅनाइट घ्या.

एक कळकळीचं सांगणं, दगड कुठलाही असो, घरात कोरडा कापू देऊ नका. त्या धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो, तो बरा होत नाही. क्वार्ट्झमध्ये तिचं प्रमाण इतकं जास्त की ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून इंजिनिअर्ड स्टोनवर (क्वार्ट्झसारख्या कारखान्यात बनवलेल्या दगडावर) बंदीच घातली. कापणं बाहेर पाणी मारून करून घ्या, आणि घरी थोडं घासावं लागलंच तर कारागिराला चांगला मास्क द्या. त्याला सवय असते म्हणून तो मागत नाही, आपणच द्यायचा.

अजून एक, ओट्याच्या पुढच्या कडेखाली बारीक खोबण मारून घ्या, म्हणजे सांडलेलं पाणी तिथेच गळतं, आत कपाटाकडे ओढलं जात नाही. तुमचं प्लायवूड फुगलंय त्यात याचाही हात असू शकतो.

दुपारपावली

सॉकेटचं मी सांगते. किती हवेत हे आधी ठरवू नका, आधी कागदावर किचनचा नकाशा काढा आणि प्रत्येक मशीन कुठे ठेवणार ते लिहा, पुढच्या पाच वर्षांत येणारी पण धरा. मग प्रत्येकाच्या मागची वॅटची पट्टी वाचा. मायक्रोवेव्हवर 800 वॅट लिहिलेलं असतं ते आतल्या उष्णतेचं, भिंतीतून तो 1200-1300 ओढतो. केटल 2000 ची असेल तर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपिअर, म्हणजे 6 अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर लावायचीच नाही. एका 16 अँपिअरच्या लाइनवर साधारण 3600 वॅट चालतात, केटल आणि मायक्रोवेव्ह एकदम लावले की ती जवळपास भरलीच, त्यात टोस्टर आला की एमसीबी (जास्त भार आला की लाइन बंद करणारा स्विच) पडणार. म्हणून ओट्यासाठी किमान दोन वेगळ्या लाइन घ्या. फ्रिजची तर वेगळीच ठेवा, नाहीतर तुम्ही बाहेर असताना भलत्याच मशीनमुळे ट्रिप होईल आणि फ्रिजमधलं सगळं खराब.

अंतरासाठी अमेरिकेतला नियम मला पटतो, ओट्याच्या भिंतीलगत कुठलीही जागा सॉकेटपासून 24 इंचांपेक्षा लांब नको. म्हणजे चारेक फुटांवर एक जोडी, एक्स्टेन्शनची गरजच राहत नाही. सिंकच्या आणि शेगडीच्या बरोबर वर किंवा मागे मात्र नको. डिशवॉशर आणि पाण्याच्या फिल्टरचा सॉकेट मशीनच्या मागे न देता शेजारच्या कपाटात द्या, मागे दिला तर बंद करायला मशीन ओढून काढावं लागतं. आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला, शॉक बसला की लगेच वीज तोडणारा स्विच) हवाच, एमसीबी वायर वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी.

पाऊसवेडी

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. काल लगेच टेप घेऊन बसलो, भिंतीतला ड्रेन 20 इंचावर आहे, म्हणजे निळीछत्री, तुमच्यासारखंच झालं असतं. भांडी बहुतेक नवराच घासतो, त्यामुळे सिंकचा भाग 3 इंच उंच आणि सिंक 8 इंच खोल असं ठरतंय. ओटा ग्रॅनाइट, आम्ही दोघंही गरम भांडं सरळ ठेवणारे आहोत. फक्त इलेक्ट्रिशियन उद्याच झिरी मारतो म्हणतोय, सॉकेटची उंची त्याला काय सांगू?

दुपारपावली

उद्या नको, थांबवा त्याला! उंची ओट्याच्या वरच्या पातळीपासून मोजायची, तयार ओट्याच्या वर 6 ते 8 इंच. तुमचे तर आता दोन पातळ्यांचे ओटे होणार. नवीन फरशी पण टाकताय ना, तिने जमीन इंच-दोन इंच वर येते, आत्ताच्या जमिनीपासून मोजलं तर बोर्ड ओट्याच्या फारच जवळ येतील. फरशीवाल्याकडून तयार जमिनीची पातळी भिंतीवर मारून घ्या, त्यावर दोन्ही ओट्यांच्या रेषा आखा, नकाशातली मशीनं खडूने भिंतीवर काढा, आणि मग त्याला बोलवा.

सुतारपक्षी

आणि झिरी मारून पाइप टाकले की प्लास्टर व्हायच्या आत प्रत्येक भिंतीचा टेप धरून फोटो काढा. पुढे वरची कपाटं लावताना ड्रिल कुठे मारायचं नाही ते त्यातूनच कळतं.