घरी व्यायाम की जिम? माझं मत: आधी घरी, फी नंतर

दोरीउडी
व्यायाम करायचं ठरलं की लोक आधी वर्षाची फी भरतात, मग बूट घेतात, आणि व्यायाम राहतो बाजूला. पहिले काही महिने घरीच करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचना अशा: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, शिवाय किमान २ दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण. यासाठी जिमच हवी असं नाही. भरभर चाला, जोर मारा, बैठका काढा. साध्या जोरातही शरीराच्या वजनाचा जवळजवळ दोन तृतीयांश भार हातांवर येतो. नवख्याला पुष्कळ झाला.

लोखंडप्रेमी
पण नवखा किती दिवस नवखा राहणार? २० जोर सहज निघायला लागले की पुढचे २० दम वाढवतात, ताकद फारशी नाही. जिममध्ये बारला दोन्हीकडे सव्वा किलोची प्लेट चढवली की अडीच किलो वाढले, विषय संपला. घरी पायांना भार कुठून आणणार? आणि पाठीचं काय? ओढायचे व्यायाम घरी कोणी करत नाही. दारात पुल-अप बार लावतात आणि त्यावर टॉवेल वाळत घालतात.

दोरीउडी
टॉवेलचं मान्य! बाकीचं नाही. पाय खुर्चीवर ठेवा, ४ आकडे मोजत खाली जा, तळाशी क्षणभर थांबा. २० वाल्याचे ८ निघतात का बघा. पायांसाठी मागचा पाय पलंगावर टेकवून एका पायावर बैठका. हलक्या भारानेही स्नायू वाढतात, फक्त सेट (न थांबता काढलेली एक खेप) अगदी दमेपर्यंत न्यावा लागतो.

लोखंडप्रेमी
स्नायू वाढतील, पण जड उचलायची ताकद जड उचलूनच येते. शिवाय घरी 'अगदी दमेपर्यंत' म्हणजे बहुतेकांसाठी कंटाळा येईपर्यंत.

मधली_सुट्टी
तुमचा सगळा वाद भाराचा चाललाय. माझी अडचण वेगळी. घरी प्लँक लावला (कोपरांवर टेकून अंग ताठ धरलं) की बेल वाजते, कुकरची शिट्टी होते, लेक पाठीवर येऊन बसते (हा वाढीव भार धरायचा का?). जिममध्ये तासभर मला कोणी हाक मारत नाही. फी मी त्या तासाची भरते.

पायमोजा
माझं नेमकं उलटं. जाण्यायेण्यातच तास जातो, तिथे बेंचवर एक जण फोन बघत बसलेला, आणि ट्रेनर आपण व्यायाम नीट करतोय का ते बघायच्या आधी पर्सनल ट्रेनिंगचं पॅकेज पुढे करतो. ताणायचा रबरी बँड आणि दोन डंबेल, माझं भागतं. पाठीचे व्यायाम बँडवरच करतो.

मधली_सुट्टी
बँड अडकवता कुठे? माझा एकदा सुटून तोंडावर आला होता.

पायमोजा
बंद दाराच्या फटीत, गाठ पलीकडे ठेवून. आपण ओढल्यावर दार घट्ट मिटेल अशाच बाजूला उभं राहायचं, उघडेल त्या बाजूला नाही. आणि कडी लावा, लेक पलीकडून दार ओढेल.