शेव्हरोले ३५० च्या मेन कॅपसाठी स्टड निवडताना नेमके काय पाहावे?

जुनीपिकअप, मिशिगन

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९७४ सालची शेव्हरोले सी-१० पिकअप आहे. तिचे ३५० घनइंची, म्हणजे ५.७ लिटरचे व्ही-८ इंजिन मी या हिवाळ्यात पूर्ण खोलून नव्याने बांधतो आहे. ब्लॉकच्या मागच्या अंगाला, चालकाच्या बाजूच्या कडेवर ३९७००१० हा ओतीव क्रमांक आहे. या क्रमांकाचे ब्लॉक दोन बोल्टच्या मेन कॅपचेही (क्रँकला ब्लॉकशी धरून ठेवणारी टोपणे) असतात आणि चार बोल्टच्याही, त्यामुळे ऑइल पॅन उतरेपर्यंत खात्री नव्हती. माझ्या ब्लॉकच्या पाचही कॅप दोन बोल्टच्या निघाल्या. गाडी रस्त्यावरच चालवायची आहे, अधूनमधून मागे ट्रेलर असेल, इंजिन मिनिटाला ५,५०० फेऱ्यांच्या वर न्यायचे नाही आणि साधारण ३५० अश्वशक्ती मिळाली तरी मी समाधानी आहे.

मेन कॅपचे जुने बोल्ट काढून त्या जागी ८७४० क्रोम-मॉली पोलादाचे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेले आणि वरून नटाने आवळायचे दांडे, लावावेत असे ठरवून मी संच विकत आणला. ब्लॉक रिबोअरला देण्यापूर्वी घरीच एकदा बसवून पाहावे, म्हणून जुनीच बेअरिंगे ठेवून क्रँक बसवला. जुन्या बोल्टांवर ७० फूट-पौंडाला आवळल्यावर क्रँक दोन बोटांनी फिरत होता. तेच सगळे स्टडवर बसवून पुन्हा ७० लाच आवळले, तर क्रँक तळहाताने रेटावा लागला. बेअरिंगे काढून बोअर गेज लावला, तेव्हा तिसऱ्या क्रमांकाच्या कॅपचे घर, म्हणजे बेअरिंग बसते ते गोल भोक, बोल्टवर उभ्या दिशेत २.६४१२ इंच भरले होते, ते स्टडवर २.६४०२ भरले. कारखान्याची मर्यादा २.६४०६ ते २.६४१५ आहे.

माझे प्रश्न दोन आहेत. पहिला, माझ्या संचात काही दोष आहे का, की मी याहून बळकट, म्हणजे एआरपी २००० किंवा एल-१९ दर्जाचे स्टड घ्यायला हवे होते? दुसरा, ज्या मशीन शॉपकडे ब्लॉक जायचा आहे त्यांनी लाइन होनिंगचे, म्हणजे पाचही घरे एका रेषेत घासून गोल करण्याचे, पैसे वेगळे सांगितले आहेत. ते खरोखर आवश्यक आहे का?

बोअरगेज, ओहायो

तुमच्या संचात दोष असेल असे मला वाटत नाही. उलट तुम्ही मापे घेतलीत हे फार चांगले केले, कारण बहुतेक लोक इथे क्रँक थोडा जड झाला तरी चालेल म्हणून पुढे जातात आणि पहिल्या काही शे मैलांत मधल्या बेअरिंगचा तांबूस थर उघडा पडतो. मी गेली चौदा वर्षे इंजिन मशीनिंगचेच काम करतो आणि असे बेअरिंग हातात घेतले की कॅपची कहाणी त्यावर लिहिलेली दिसते. चकाकी वर आणि खाली, आणि सांध्याजवळ मात्र राखाडी रंग जसाच्या तसा.

मेन बेअरिंगचे घर हे अर्धे ब्लॉकमध्ये आणि अर्धे कॅपमध्ये असते, आणि कारखान्यात ते गोल कापले गेले तेव्हा कॅप एका ठरावीक ताणाने आवळलेली होती. ओतीव लोखंड आपल्याला कडक वाटते, पण हजारांश इंचाच्या हिशेबात ते दबते. ताण वाढला की कॅप थोडी अधिक खाली येते, घराची उभी मिती घटते आणि आडव्या दिशेला ते किंचित पसरते. तुमच्या मापांत नेमके हेच दिसते. स्टडने काम बिघडवलेले नाही, त्याने कॅप अधिक जोराने धरली आहे, आणि जे घर बोल्टच्या ताणाला गोल होते ते आता या ताणाला गोल राहिलेले नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. स्टड लावणार असाल तर लाइन होनिंग हा त्याच निर्णयाचा भाग आहे, आणि ते करायचे नसेल तर स्टडचा विचार सोडून नवे, चांगल्या दर्जाचे बोल्ट घ्या आणि बोल्टवरही घरे मोजून पाहा. तुम्ही सांगितलेल्या ३५० अश्वशक्तीला आणि ५,५०० फेऱ्यांना दोन बोल्टची मूळ कॅप नव्या बोल्टवर निर्धास्त चालते. स्टडने ब्लॉक बळकट होत नाही, हेही ध्यानात असू द्या. फोर्डच्या ३०२ चे उदाहरण सगळ्यांना माहीत आहे: शक्ती फार वाढवली की तो ब्लॉक मधोमध, लिफ्टरच्या दरीतून उभा फुटतो, आणि त्या वेळी कॅपवर कितीही उत्तम स्टड असले तरी त्यांचा उपयोग होत नाही.

जुनीपिकअप

मनापासून आभार. एक शंका मात्र राहते. आवळणी दोन्ही वेळा ७० फूट-पौंडाचीच होती आणि टॉर्क पाना तोच होता. मग ताण वाढला कसा? फरक एवढाच की बोल्टना मी इंजिन ऑइल लावले होते आणि स्टडच्या नटांना संचासोबत आलेले मॉलिब्डेनमचे वंगण.

बोअरगेज

उत्तर तुमच्या शेवटच्या वाक्यातच आहे. टॉर्क पाना फक्त पिळण्याचा जोर मोजतो, बोल्ट किती ताणला गेला हे त्याला कळत नाही. पिळण्याच्या जोरापैकी साधारण नऊ दशांश भाग नटाच्या तळाशी आणि आट्यांत घर्षणात जातो आणि उरलेल्या एक दशांशाने बोल्ट ताणला जातो. घर्षण थोडे घटले तरी तो छोटा वाटा झपाट्याने वाढतो.

ढोबळ हिशेब मांडून दाखवतो. ७० फूट-पौंड म्हणजे ८४० इंच-पौंड, आणि व्यास ०.४३७५ इंच. ताण म्हणजे हा टॉर्क भागिले व्यास आणि आवळणीचा गुणांक (यात घर्षण धरलेले असते) यांचा गुणाकार. तो गुणांक ०.२० धरला तर ताण ९,६०० पौंड येतो, आणि चांगल्या वंगणाने तो ०.१५ वर आला तर त्याच ७० ला १२,८०० पौंड येतो. पान्यावरचा आकडा तोच, पण कॅपवरचा दाब एक तृतीयांशाने जास्त. तुमच्या इंजिनात प्रत्यक्ष आकडे थोडे वेगळे असतील, पण दिशा हीच राहील.

याच हिशेबातून तुमच्या पहिल्या प्रश्नाचेही उत्तर मिळते. स्टडच्या नटाकडच्या बारीक आट्यांचे ताण सोसणारे क्षेत्रफळ ०.११८७ चौरस इंच असते. १२,८०० पौंडाला त्यावर दर चौरस इंची सुमारे १,०८,००० पौंड ताण येतो. ८७४० पोलाद त्याच्या उष्णतोपचारानंतर दोन लाखांच्या आसपास सोसते. म्हणजे तुमच्या कामाला त्यात भरपूर शिल्लक आहे. एआरपी २००० चा आकडा २,२०,००० आणि एल-१९ चा २,६०,००० असला, तरी तेवढ्याच टॉर्कला आणि त्याच वंगणाला अधिक बळकट स्टड कॅपला अधिक दाबत नाही. तो फक्त अधिक ताणण्याची मुभा देतो, आणि तेवढा ताण तुमच्या ओतीव लोखंडी आट्यांना आणि कॅपला हवा आहे का, हा प्रश्न उरतोच. एल-१९ ला तर ओलाव्याचे वावडे आहे. ते हायड्रोजनमुळे ठिसूळ होऊन तडकू शकते, त्याला सतत तेलात राखावे लागते, आणि घामेजल्या हातांनी हाताळलेला तो स्टड वर्षभर गॅरेजच्या फळीवर पडून राहिला असेल तर मी तो वापरणार नाही.

उद्यमनगर, कोल्हापूर

बोअरगेज यांनी हिशेब उत्तम मांडला आहे. मी आट्यांच्या अंगाने थोडे सांगतो. आमच्याकडे शिवाजी उद्यमनगरात शेतीपंपाच्या तेल इंजिनांपासून ट्रकच्या ब्लॉकपर्यंत लाइन बोरिंगचे काम वर्षानुवर्षे होत आले आहे, आणि वडिलांच्या हाताखाली शिकताना मी पहिली गोष्ट शिकलो ती ही, की ओतीव लोखंडातले आटे हे ब्लॉकचे आयुष्य असते.

बोल्ट आवळताना तो ताणाखाली असतानाच ब्लॉकच्या आट्यांत फिरत असतो. दर खोलजोडीत लोखंडाचा थोडा चुरा होतो. स्टड एकदा आत बसला की तो तिथे स्थिर राहतो, फिरतो तो वरचा नट, आणि तोही पोलादी, बारीक आट्यांवर. तुमचे स्टड साडेतीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) व्यासाचे आहेत, ब्लॉककडे इंचाला १४ आटे आणि नटाकडे २०. ही योजना मुद्दाम केलेली असते: लोखंडाला जाड आटे मानवतात, पोलादाला बारीक. माझ्या मते रस्त्यावरच्या इंजिनात स्टड लावण्याचे सर्वांत रास्त कारण हेच आहे, शक्ती हे कारण त्यानंतर येते. म्हणून तुम्ही आधी हे पाहा की तुमच्या ब्लॉकचे आटे कोणत्या अवस्थेत आहेत. एकेक जुना बोल्ट स्वच्छ करून हाताने पूर्ण आत घाला आणि बाहेर काढून आट्यांवर बोट फिरवा. काळसर, बारीक कणी बोटाला लागली तर त्या भोकाने बरेच सोसले आहे असे समजा.

निवडताना आणि बसवताना मी पुढील गोष्टी पाहतो. ओतीव लोखंडात आट्यांची पकड व्यासाच्या दीडपट तरी हवी, म्हणजे तुमच्या बाबतीत सव्वापाच सुताच्या खाली येऊ नये. स्टड आत घालण्यापूर्वी भोके साफ करा, पण कापणारा टॅप घालू नका, तो चांगले लोखंडही खरवडून नेतो. फक्त आटे साफ करणारा चेसर मिळतो तो वापरा. भोकाच्या तळाशी तेल किंवा धुण्याचे द्रावण साचू देऊ नका, कारण स्टड आत जाताना अडकलेल्या द्रवाचा दाब ब्लॉकला तडा देऊ शकतो. स्टड हातानेच, षटकोनी किल्लीने हलकेच टेकेल इतका घाला. तो पान्याने घट्ट आवळला तर आटे संपतात तिथली जाड मान भोकाच्या तोंडात पाचरीसारखी बसते. आट्यांना पक्के करणारे रसायन लावणार असाल तर ते सुकण्याआधी कॅप चढवा, म्हणजे स्टड कॅपच्या भोकांशी सरळ रेषेत येतो. वायसर कडक केलेलेच हवेत, आणि कॅपवरची त्यांची बैठक सपाट आहे की नाही हे निळा रंग लावून तपासा. तिथे चंद्रकोरीसारखा ठसा उमटला तर वायसर एका बाजूलाच टेकतो आहे.

जुनीपिकअप

उद्यमनगर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे काल रात्री दहाही बोल्ट घालून पाहिले. नऊ भोके स्वच्छ निघाली. चौथ्या कॅपच्या डाव्या भोकात मात्र बोल्ट शेवटच्या दोन फेऱ्यांत हलका लटपटतो आणि बाहेर काढल्यावर आट्यांत काळी कणी दिसते. बोअरगेज, तुमचे म्हणणे मान्य करून मी बोल्टवरच राहण्याच्या विचारात होतो, पण या भोकामुळे आता द्विधा झाली आहे. नाहीतरी ब्लॉक रिबोअरला जाणारच आहे.

बोअरगेज

हे भोक पाहता माझे मत बदलले. ब्लॉक मशीनवर जाणारच असेल तर स्टड आणि लाइन होनिंग दोन्ही करून घ्या. त्याआधी त्या एका भोकाचे आटे खोल मोजून घ्या, आणि पकड अपुरी भरली तर तिथे पोलादी आट्यांची गुंडाळी बसवून घ्या.

मशीन शॉपला ब्लॉक देताना तुमचे स्टड, नट, वायसर आणि तेच वंगण ब्लॉकसोबतच द्या. होनिंग तुमच्याच स्टडवर, तुमच्याच वंगणाने आणि संचाच्या कागदावरच्या टॉर्कने व्हायला हवे, आणि तुम्ही शेवटी जोडताना तेच वंगण वापरायला हवे. कॅप सांध्यावरून किती घासली हे त्यांना लिहून मागा. कॅप घासून घर पुन्हा गोल केले की क्रँकचा मध्य कॅमकडे किंचित सरकतो, आणि ते सरकणे जास्त झाले तर टायमिंग साखळी ढिली पडते. अशा ब्लॉकसाठी पाच थाऊ (हजारांश इंच) कमी अंतराच्या साखळ्यांचे संच मिळतात, पण ते मागवण्याआधी प्रत्यक्ष ढिलाई पाहा. काम झाल्यावर क्लिअरन्स, म्हणजे बेअरिंग आणि त्यात फिरणारा क्रँकचा भाग (जर्नल) यांमधली फट, अडीच थाऊच्या आसपास आला पाहिजे. जर्नलच्या दर इंच व्यासाला एक थाऊ हा जुना हिशेब तुमच्या २.४५ इंचाच्या जर्नलला बरोबर बसतो.

उद्यमनगर

तुमच्या ब्लॉकमध्ये तेलपंप शेवटच्या मेन कॅपवरच बसतो, म्हणून पाचव्या कॅपचे नट आणि स्टडची वरची टोके पंपाच्या बुडाला टेकत नाहीत ना, हे पॅन लावण्याआधी पंप बसवून पाहा. आणि क्रँक खाली उतरवताना दहाही स्टडवर रबरी नळीचे तुकडे चढवा. घासून चकाकणाऱ्या जर्नलला स्टडच्या आट्यांचा एक ओरखडा पुरतो, आणि तो ओरखडा दिसतो तेव्हा क्रँक पुन्हा ग्राइंडिंगला पाठवावा लागतो.

जुनीपिकअप

नळी आज संध्याकाळीच कापून ठेवली आहे. ब्लॉक, कॅप, स्टड आणि वंगणाची डबी एका खोक्यात भरून सोमवारी मशीन शॉपला नेतो आहे, आणि पाचही घरांची माझी मापे, बोल्टवरची आणि स्टडवरची, एका कागदावर लिहून खोक्याला चिकटवली आहेत. होनिंगनंतरची मापे आल्यावर इथेच कळवीन.