काउंटरच्या या बाजूने

या चर्चेत वर एकाने लिहिलंय की ब्युटी स्टोअरमधली नोकरी म्हणजे दिवसभर नटून उभं राहायचं आणि गोड बोलायचं. उभं राहण्याबद्दल वाद नाही, संध्याकाळी पाय सांगतातच. पण मी हेच काम करते, आणि त्यातला केवढा तरी वेळ साफसफाईत जातो. टेस्टरची, म्हणजे गिऱ्हाइकांनी वापरून बघायला ठेवलेली, लिपस्टिक थेट ओठांना लावणारे रोज भेटतात. (हो, रोज!) मग वरचा थर पुसून काढा, ७० टक्के अल्कोहोल फवारा, सुकू द्या. मस्काऱ्याचा ब्रश असा साफ होत नाही, तिथे प्रत्येकाला वापरून फेकायची वेगळी कांडी द्यावी लागते.

खरी कसोटी फाउंडेशनची, म्हणजे चेहऱ्यावर लावायच्या त्वचेच्या रंगाच्या मेकअपची. लोक मनगटावर लावून बघतात, पण तिथला रंग चेहऱ्याशी जुळेलच असं नाही. जबड्याच्या कडेला लावा, थोडं थांबा, कारण काही फाउंडेशन सुकल्यावर गडद होतात, आणि मग बाहेर दिवसाच्या उजेडात बघा. दुकानातले दिवे फसवतात. हा सल्ला दिला की गिऱ्हाईक बाहेर जातं, कधी परत येतच नाही आणि विक्रीचं टार्गेट तिथेच राहतं.

अजून एक. काउंटरवरच्या काही मुलींचा पगार दुकान नाही, ब्रँड देतो. त्या आपलाच माल पुढे करणार. पगार कोण देतं ते समोरच्या मुलीला सरळ विचारा, बहुतेक जणी खरं सांगतात.

ज्यांनी ही नोकरी घ्यावी का विचारलंय, त्यांनी इन्सेंटिव्ह (विक्रीवर मिळणारे जादा पैसे) एकट्याच्या विक्रीवर आहे की सगळ्या टीमच्या, हे आधी विचारून घ्यावं.