विसरायला होतंय म्हणून बी-१२ ची सुई? आधी औषधांची पिशवी रिकामी करा

मूळ पोस्ट, आरोग्यमित्र: पन्नाशीनंतर नावं आठवत नाहीत? चष्मा कुठे ठेवला ते कळत नाही? हे वय नाही, बी-१२ आहे. तपासणीवर पैसे घालवू नका. एक दिवसाआड १० इंजेक्शनं घ्या, डोकं ताळ्यावर येईल.

गोळीवाला: ही पोस्ट मोबाइलवर दाखवून लोक काउंटरवर इंजेक्शनं मागताहेत, म्हणून सविस्तर लिहितो. साठीपुढच्या माणसाला विसरायला होत असेल, तर सुईआधी घरातली औषधांची पिशवी पलंगावर रिकामी करा. फॅमिली डॉक्टरची, हाडांच्या डॉक्टरची, शेजाऱ्यांनी सुचवलेली, चिठ्ठीशिवाय आणलेली, सगळी. पाय जळजळतात म्हणून ॲमिट्रिप्टिलीन, लघवी आवरत नाही म्हणून ऑक्सिब्युटिनिन, खाजेवर हायड्रॉक्सिझिन, पोटातल्या कळेवर डायसायक्लोमिन, सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन. ही सगळी ॲसिटिलकोलीनचं, म्हणजे मेंदूला आठवणीसाठी लागणाऱ्या रसायनाचं काम अडवतात. एखादं थोड्या मात्रेत निभावून जातं, तीन एकत्र आली की म्हातारा माणूस गोंधळतो. तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, लघवी अडणं आणि त्याच सुमारास सुरू झालेला विसर अशी जोडी दिसली की संशय घ्या.

सगळ्यात वाईट साखळी अशी: विसरतो म्हणून डोनेपेझिल हे स्मृतिभ्रंशाचं औषध सुरू होतं. ते ॲसिटिलकोलीन वाढवतं, त्यातून लघवीची घाई सुरू होते. मग दुसरे डॉक्टर ऑक्सिब्युटिनिन देतात. एक औषध दुसऱ्याला खोडत बसतं आणि पेशंट दोन्हींचे पैसे भरतो.

झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या क्लोनाझेपामचं निम्मं औषध रक्तातून उतरायला ३० ते ४० तास लागतात. रोज रात्री घेतलं तर कालचं उतरायच्या आत आजचं पोटात जातं. हे सगळं न बघता बी-१२ टोचून काय होणार?

ओपीडीतला: पिशवीचं बरोबर, पण बी-१२ ला इतकं हलक्यात घेऊ नका. शाकाहारी माणूस, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन, जोडीला रोज सकाळी ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल: आपल्याकडच्या मधुमेही पेशंटचं हे नेहमीचं चित्र आहे, आणि या तिन्हींनी बी-१२ कमी पडू शकतं. रक्तात मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली कमतरता धरतो. २०० ते ३०० मध्ये असेल तर मिथिलमॅलोनिक ॲसिड किंवा होमोसिस्टीन (बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे पदार्थ) बघावं लागतं. हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून बी-१२ ठीक, असं नसतं. बी-१२ कमी असलं की लाल पेशी मोठ्या दिसतात, पण सोबत लोह कमी असेल तर त्याही मोठ्या दिसत नाहीत. नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं आणि नसा खराब होत राहतात. नसा तपासायला पायाच्या अंगठ्यावर १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) ठेवून कंप कळतो का बघायला अर्धा मिनिट लागतो. केमिस्टने मेंदूवर प्रवचन देण्याआधी हे माहीत असावं.

गोळीवाला: माहीत आहे, डॉक्टर. पण हिशेबाची गोष्ट पण सांगा: तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या एकत्र फक्त काउंटरवरच दिसतात. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन एकाने लिहिलं, उदासपणासाठी एस्सिटालोप्राम दुसऱ्याने. क्लोरथॅलिडोन आणि एस्सिटालोप्राम दोन्ही रक्तातलं सोडियम उतरवतात. १३५ च्या खाली जायला लागलं की आधी सुस्ती, चालताना तोल जाणं, मग गोंधळ. घरचे म्हणतात, वय झालं.

ओपीडीतला: सोडियम मान्य. त्यात साखरही घाला. पंचाहत्तरीच्या, इतर आजार असलेल्या पेशंटचा एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) साखर उतरवणाऱ्या ग्लिमेपिराइडवर ६.२ आला की घरचे खूश होतात. मला भीती वाटते. अशा माणसाला ८ च्या आत पुरे. पहाटे साखर खाली जाते, घाम येतो, सकाळी माणूस भलतंच बोलतो. तेव्हा ग्लुकोमीटर लावा, बी-१२ नंतर.

लॅबवाली: दोघांनाही एक सांगते. केस गळतात म्हणून बायोटिनच्या ५ किंवा १० मिलिग्रॅमच्या गोळ्या घेणारे सॅम्पल देताना सांगत नाहीत. आमच्या बऱ्याच मशीनची पद्धत बायोटिनवरच चालते. थायरॉइडची टीएसएच तपासणी खोटी कमी येते, बी-१२ खोटं जास्त. थायरॉइड खरोखर कमी असलेला पेशंट कागदावर ठीक दिसतो. किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवून या. आणि आरोग्यमित्र, सुई आधी टोचली तर नंतरचा बी-१२ चा आकडा निरुपयोगी. 'तपासणी नको' हे तुमचं वाक्य सगळ्यात घातक आहे.

कानसेन: सगळे रक्तात आणि गोळ्यांत अडकलात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची बदलता येण्यासारखी १४ कारणं मांडली. ती सगळी आवरली तर ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा लांबतील. त्यात ऐकू न येणं आणि वाढलेलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) सगळ्यात वर, दोन्ही ७ टक्के. कानातला मळसुद्धा कुणी बघत नाही.

गोळीवाला: ताई, २०२३ चा अचीव्ह अभ्यास आठवा. श्रवणयंत्र देऊन तीन वर्षं बघितलं, एकूण गटात फरक नाही.

कानसेन: आणि ज्यांना आधीपासून जास्त धोका होता त्या गटात घसरण ४८ टक्के मंदावली, ते का गाळलंत? एकूण गटात फरक नव्हता हे खरं, घ्या. पण माझा मुद्दा त्याआधीचा आहे. मास्क लावलेले डॉक्टर गर्दीच्या ओपीडीत लक्षात ठेवायला तीन शब्द पुटपुटतात आणि पाच मिनिटांनी विचारतात. ज्याने ऐकलेच नाहीत तो सांगणार कुठून? गुण कापले, शिक्का बसला.

ग्रामीण_सिस्टर: कानाचं सोडा, ती एमएमएसईची, ३० गुणांची स्मरणशक्तीची चाचणीच शिकलेल्या माणसासाठी आहे! १०० मधून ७ वजा करत जा, वाक्य लिहा, एकात एक अडकलेले पंचकोन काढा. जिने कधी पेन्सिल धरली नाही तिने पंचकोन काढायचा? तारीख विचारता, ती सांगते आषाढ वद्य सप्तमी. बरोबर असतं. पण गुण शून्य.

ओपीडीतला: मोका या तशाच दुसऱ्या चाचणीत १२ वर्षांपर्यंत शिक्षण असेल तर एक गुण वाढवून देतात.

ग्रामीण_सिस्टर: एक गुण! शाळेची पायरी न चढलेल्या बाईला एका गुणाने काय होतं? हरियाणातल्या बल्लभगडमध्ये निरक्षर वृद्धांसाठी हिंदी चाचणी बांधली, तिच्यात २० मधून ३ वजा करायला लावतात, वार उलटे म्हणून घेतात. तसं विचारा ना. नाहीतर चौथी शिकलेली, घर चालवणारी बाई १९ वर नापास होते आणि निवृत्त हेडमास्तर बँकेत दोनदा फसले तरी २९ घेऊन घरी जातात.

ओपीडीतला: सिस्टर, एका पेशंटला ७ मिनिटं मिळतात. चाचणीच नको म्हणाल तर कुणीच सापडणार नाही.

ग्रामीण_सिस्टर: चाचणी नको म्हणत नाहीये, एकट्या आकड्यावर शिक्का नको. सोबतच्या माणसाला बाजूला घेऊन विचारा: वर्षापूर्वी एकट्याने जमायचं असं आता काय जमत नाही? दुधाचा हिशोब, सुट्टे पैसे, एसटी बदलणं, गॅस बंद करणं, नेहमीच्या भाजीत मीठ दोनदा पडणं. आणि प्रश्न आजींना विचारला की सून उत्तर देते. तिला थांबवा. आजींचा चष्मा घाला, उजेड डॉक्टरांच्या तोंडावर पडेल अशी खुर्ची लावा. यालाही ७ मिनिटंच लागतात.

ओपीडीतला: सोबतच्या माणसाची मुलाखत हवी, हे मान्य. तिथीचंही मान्य, गुण द्यायला हवा. पण हेडमास्तरांच्या २९ वर एवढं बोलणाऱ्या लोकांनी उदासपणा एकदाही विचारला नाही. प्रत्येक प्रश्नाला प्रयत्नही न करता 'माहीत नाही' म्हणणारा पेशंट आणि चुकीचं उत्तर ठासून देणारा पेशंट, दोघांचा आजार वेगळा असू शकतो. आणि घोरता घोरता श्वास अडतो का, हेही झोपेची गोळी लिहिण्याआधी विचारायचं.

आरोग्यमित्र: ठीक आहे, 'तपासणी नको' काढतो. १० सुयांचं वाक्यही काढतो, कमतरता दिसली तर डॉक्टर ठरवतील. पण तुमच्या धाग्याने लोक घाबरून सगळ्या गोळ्या एका दिवसात बंद करतील, त्याचं काय?

गोळीवाला: रास्त प्रश्न आहे. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम एका दिवसात मुळीच बंद करायच्या नाहीत, झटके येऊ शकतात. डॉक्टरांना विचारून दर दोन आठवड्यांनी साधारण पाव मात्रा कमी, शेवटी त्याहून सावकाश. त्या काळात झोप बिघडते. ती गोळी पुन्हा वाढवायची खूण समजू नका. हे तुमच्या पोस्टमध्ये घाला.

ओपीडीतला: आणखी दोन ओळी घाला. गोंधळ काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत सुरू झाला असेल तर तो म्हातारपणाचा विसर नाही: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम, साखर, नवी गोळी बघा, त्याच दिवशी. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना गेल्या काही आठवड्यांत डोक्याला साधा मार लागला असेल, तर आधी सीटी स्कॅन.