मदत हवी आहे : डायरेक्ट सेलिंगचा न विकलेला माल परत कसा करायचा?

माझी वहिनी सांगलीत एका डायरेक्ट सेलिंग कंपनीची विक्रेती आहे. नोंदणी फुकट, पण आयडी ॲक्टिव्ह ठेवायला दरमहा ठरावीक पॉइंट भरतील एवढ्या मालाची खरेदी करावीच लागते. कमिशन येतं ते पुढच्या खरेदीतच जिरतं. प्रोटीन पावडरचे सीलबंद डबे कपाटात पडून आहेत, मुदत अजून शिल्लक आहे.

तिची अपलाइन, म्हणजे साखळीत तिच्या वरची विक्रेती, ही तिची सख्खी मावसबहीण. ती म्हणते, "डावा लेग भर, मग बघ." म्हणजे आता वहिनीच्या खालच्या साखळीची डावी बाजू भरायला शेजारणींना आणि भिशीतल्या बायकांना यात ओढायचं. ते वहिनीला मुळीच पटत नाही आणि मला तिचं म्हणणं योग्य वाटतं.

कंपनीला ईमेल केला, तर "अपलाइनशी बोला" एवढंच उत्तर आलं. बिलं वहिनीच्या नावावर आहेत. कराराची प्रत मिळालेली नाही, ॲपवरच संमती घेतली होती. नात्यामुळे पोलिसांत जायचं नाही.

२०२१ च्या डायरेक्ट सेलिंग नियमांत पिरॅमिड योजनेला (नवे सभासद जोडण्यावर कमाई देणाऱ्या साखळीला) बंदी आहे हे वाचलं. पण १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर विक्रेती असलेल्या वहिनीला ग्राहक मानतील का? आणि कुणी असा माल परत करून पैसे मिळवलेत का, कोणत्या कागदांवर?