पाळकांना विचारल्याशिवाय बरे-वाईट ओळखता येत नाही. ही अप्रौढता आहे का?

प्रश्न : कलमवाला, देवगड

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. बाप्तिस्मा होऊन मला 14 वर्षे झाली. उपासना चुकत नाही आणि शास्त्रवाचनही नियमित होते, तरी निर्णयाची वेळ आली की मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना फोन लावतो. आंब्याच्या प्रतवारीचे काम माझ्याकडे आहे. यंदा हंगामाच्या अखेरीस कर्नाटकातून आलेला आंबा देवगडच्या पेट्यांत भरायला सांगण्यात आले. ते खोटे आहे हे मला लगेच कळले आणि मी नकार दिला. परंतु ज्याला सरळ खोटे म्हणता येत नाही तिथे मी अडखळतो. फळात साका, म्हणजे गर आतून पांढरट आणि स्पंजासारखा झालेला, निघण्याची शंका असेल आणि गिऱ्हाइकाने विचारले नसेल, तर आपण होऊन सांगावे का? बायबलातील इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायात दुधावर राहणाऱ्या ज्या बाळकांविषयी लिहिले आहे, त्यांतलाच मी आहे का?

उत्तर : जुना वाचक, रत्नागिरी

त्याच अध्यायाचे 14वे वचन सावकाश वाचावे. चांगले आणि वाईट समजण्याचा ज्यांच्या ज्ञानेंद्रियांना सराव झाला आहे, ते प्रौढ, असे तिथे म्हटले आहे. आणि सरावासाठी मूळ ग्रीकमध्ये आलेला शब्द व्यायामाचा, तालमीचा आहे. देठाजवळचे खांदे भरलेले पाहून फळ तयार झाल्याचे तुम्ही आज ओळखता, पण पहिल्या वर्षी तुम्ही निवडलेली किती कोवळी फळे आढीत सुरकुतली असतील! नजर तयार झाली ती त्या चुकांतून आणि रोज फळ हाताळल्यामुळे. विवेकबुद्धीचेही तसेच आहे, असे मला मनापासून वाटते.

सल्ला घेणे ही अप्रौढता नव्हे. बायबलातील नीतिसूत्रे तर पुष्कळ मंत्री, म्हणजे सल्लागार, असावेत असे सांगतात. मात्र सल्ला घेणे वेगळे आणि आपली जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर ठेवणे वेगळे. फोन लावण्यापूर्वी आपला निर्णय, त्याचे कारण आणि त्यामागचे वचन कागदावर लिहावे आणि मगच पाळकांशी बोलावे.

साक्याविषयी म्हणाल, तर तो बाहेरून दिसत नाही, म्हणून प्रत्येक फळाची हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु कापून पाहिलेल्या फळांत तो वारंवार निघाला असेल, तर ती माहिती आता तुमच्याजवळ आहे. गिऱ्हाइकाच्या जागी तुम्ही असता तर ती तुम्हाला हवी असती. लोकांनी आपल्याशी जसे वागावे असे वाटते तसेच आपण त्यांच्याशी वागावे, हे मत्तय 7:12 इथे पुरेसे आहे.

उत्तर : वसईकर

मी कॅथलिक आहे. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांच्या आध्यात्मिक साधनेला 1548 साली पोपची मान्यता मिळाली. तीत दिवसाची झडती घेण्याची रीत आहे : प्रथम उपकारस्तुती, मग प्रकाशासाठी प्रार्थना, मग दिवसभरातले विचार, शब्द आणि कृती तपासणे, क्षमा मागणे आणि सुधारण्याचा निश्चय करणे. झोपण्यापूर्वी मी ती 10 मिनिटे करतो. आपले मन नेमके कुठे सबब शोधते, हे त्यातूनच मला समजू लागले.

उत्तर : वेंगुर्ल्याची वाचक

फिलिप्पैकरांस पत्राच्या 1ल्या अध्यायात पौल विवेकासाठी प्रार्थना करतो, पण वाढायला हवी ती प्रीती, ज्ञानाने आणि विवेकाने युक्त अशी प्रीती, असे तो म्हणतो. चतुर्थीला शेजारच्या काकी प्रसाद आणत, तेव्हा कित्येक वर्षे मी तो दारातूनच परत केला आणि त्यालाच प्रौढता समजत राहिले. त्यांचे डोळे भरून आलेले एकदा पाहिले आणि मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचे 1 करिंथ 8 ते 10 हे अध्याय पुन्हा वाचायला बसले. प्रसाद मी आजही घेत नाही, कारण माझी विवेकबुद्धी त्याला मोकळी नाही. परंतु तसे काकींना जवळ बसून सांगितले, आणि आदल्या दिवशी त्यांच्याकडे नारळ खवायला जाते. आता त्या नैवेद्य दाखवण्याआधीच माझ्या मुलांसाठी करंज्या बाजूला काढून ठेवतात.

कलमवाला, देवगड

आपणा सर्वांचे आभार. काल प्रत्येक आढीतली पाच-सहा फळे कापली. एका आढीत तीन साक्याची निघाली. त्या आढीच्या पेट्या ज्यांनी मागवल्या होत्या त्यांना तसे कळवले. दोघांनी मागणी रद्द केली, एकाने कमी दरात घेतल्या. पाळकसाहेबांना फोन केला तो नंतर, झालेले सांगण्यासाठी.